राजय्या आणि छत्रीवाल्याचा श्वास

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, दोन वर्षांपूर्वीच्या ऐन वैशाखात, सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या बोळात, एका गोऱ्या गायकाचा श्वास हरवला. श्वास साधारण दीड सेकंदाचा होता. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला, तिसरं गाणं सुरू होण्याआधी तो घेतलेला होता, आणि त्याआधी तेहेतीस वर्षं दर गुरुवारी दुपारी चार वाजता जागच्या जागी सापडत असे. त्या गुरुवारी सापडला नाही. पोलिसात वर्दी दिली नाही, कारण काय हरवलं हे अंमलदाराला समजावून सांगायची माझी छाती झाली नाही. पण पुढचे तीन महिने आम्ही चार माणसं जेवढी भ्यालो, तेवढी उभ्या जन्मात भ्यालो नव्हतो. मी हे हसत हसत सांगणार आहे. भ्यालेला माणूस दुसरं काय करतो?

श्वास ज्याचा हरवला तो गायक दूर राहिला. ज्याला तो सापडेना, तो राजय्या.

राजय्या आमच्या समोर राहायचा. मधला बोळ एवढा अरुंद की त्याच्या घरी लसणाची फोडणी पडली की आमच्या घरी शिंका. घर तेलुगू विणकरांचं. बाराव्या वर्षी तो मागावर उभा राहिला आणि तिशीपर्यंत मागावरच होता. ज्याने यंत्रमागाची शेड आतून पाहिली नाही त्याला सांगतो: तिथे पन्नास माग एका वेळी धडधडत असतात आणि शेजारी उभं राहून बोंब मारली तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसं आवाज वाया घालवत नाहीत. नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ओठ वाचतो. पगार, भांडण, सोयरीक, सगळं ओठांवर.

राजय्याने ही सवय घरी आणली. अक्का, म्हणजे त्याची बायको, विडी वळता वळता त्याच्याशी कडाकडा भांडायची आणि बोळात चिटपाखराला पत्ता लागायचा नाही. आम्ही खिडकीतून बघायचो. मूकपट होता, फुकट होता.

आणि त्याच्यासमोर कुजबुजायची सोय नव्हती. एका लग्नात मंडपाच्या पार त्या टोकाला वरपक्षाचे दोन पाहुणे एकमेकांच्या कानाला लागले होते. राजय्या इकडे पंगतीत. ताटावरून उठला, खरकट्या हाताने शंभर पावलं चालत गेला आणि अगदी अदबीने म्हणाला, "मुलगी सावळी न्हाय. तुमचा चष्मा धुवा." परत येऊन भात कालवला.

आता तबकडीची हकीकत. मी तेव्हा अकरावीत होतो. गावातल्या एक गोऱ्या डॉक्टरीणबाई कायमच्या मायदेशी निघाल्या आणि त्यांच्या घरातलं सामान विकायला काढलं. राजय्याने झाकणाचा रेकॉर्ड प्लेयर उचलला. घरी येऊन झाकण उघडलं तर आत एक तबकडी राहिलेली. तो तसाच परत गेला, म्हणे ही तुमची. बाई म्हणाल्या, ती मी मुद्दामच ठेवली आहे.

कव्हरवर एक माणूस रिकाम्या होडीत छत्री उघडून बसलेला. पाऊस नाही, ऊन नाही, छत्री मात्र उघडी. अक्काने त्याचं नाव ठेवलं छत्रीवाला, आणि आमच्या बोळात त्या गायकाला दुसरं नाव कधी मिळालंच नाही. आतल्या कागदावर गाण्यांचे शब्द छापलेले होते. राजय्याला इंग्रजी येत नव्हतं आणि मला येतं असा माझ्या वडिलांचा गैरसमज होता. त्यामुळे अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं. एक गाणं पुलाखाली बसणाऱ्या न्हाव्याचं, जो आंधळ्यांची दाढी फुकट करतो. एक समुद्राला पत्रं लिहिणाऱ्या विधवेचं. आणि दुसऱ्या बाजूचं ते तिसरं, नदीच्या उतारावर, म्हणजे पाणी पायी ओलांडायच्या जागी, उभ्या असलेल्या माणसाचं. पलीकडे जाणाऱ्या प्रत्येकाला तो नाव विचारतो. शेवटी सगळे पलीकडे जातात आणि त्याचं नाव विचारायला कुणी उरत नाही.

पहिली बाजू दणदणीत. विजेच्या गिटारी, ढोल, आणि त्यावर ह्या माणसाचा खरखरीत आवाज. माझी आई खिडकीतून ओरडायची, "घरात माग लावलाय का काय रे?" राजय्याला ती सर्वात मोठी पावती वाटायची. "ह्याचा ढोलवाला जुना विणकर असणार बग दिगू," तो मला म्हणायचा. "लई जोरात चालवतो, पर एक धागा तुटू देत न्हाय."

दुसरी बाजू मात्र जवळजवळ रिकामी. एक गिटार, एक आवाज. आणि तिसऱ्या गाण्याआधी तो श्वास. तो आला की राजय्या बोट वर करायचा. जणू देवळात घंटा झाली.

"गाणं कुणी बी म्हणंल," एकदा त्याने मला सांगितलं. "हा म्हणायच्या आदी भ्यालाय. ऐक की. येवढा मोठा माणूस, गाव ऐकतंय त्याला, पर भ्यालाय. आन् भिऊन बी म्हणतोय."

तिशीनंतर राजय्या मागावरून डिझाइनच्या खोलीत गेला. चादरीवरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, मग तिच्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, आणि त्या पट्ट्या मागावर चढवल्या की माग ती नक्षी विणतो. राजय्या भोकं पाडणारा. तबकडी उजेडात तिरकी धरून तो म्हणायचा, "ह्यानं बी पंचिंगच केलंय की. फरक येवढाच, त्याच्या पट्टीतनं माणूस निघतो, माज्या पट्टीतनं मोर."

एकदा त्याच्या पट्टीतूनही माणूस निघाला. त्याच कारखान्याच्या ऑफिसात मी माल पाठवायचा कारकून होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. दीडशे चादरींच्या मधोमध मोराच्या जागी होडीत छत्री उघडून बसलेला माणूस. मालक चादर हातात धरून विचारू लागले, "हा कोण?"

"संत हाय," राजय्या म्हणाला.

"कुठला?"

"लांबचा."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. सगळा माल वैरागच्या बाजारात गेला आणि आठवड्यात खपला. एका व्यापाऱ्याने तर निरोप पाठवला, की छत्रीवाल्या महाराजांच्या अजून पाठवा.

असा हा माणूस. आता तो गुरुवार.

मी नेहमीप्रमाणे खाटेच्या कडेला बसलो होतो. अक्का सुपात तंबाखू घेऊन उंबऱ्याशी. दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं संपलं, खरखर झाली, श्वास आला, स्वच्छ आला, आणि राजय्याचं बोट वर गेलं नाही. गाणं सुरू झाल्यावर तो एकदम दचकला. जिन्याची एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसा.

त्याने सुई उचलली. मागे ठेवली. पुन्हा तेच.

"तुला आला?" त्याने मला विचारलं.

माझ्या हातून जन्मात पुष्कळ खोटं बोलून झालं आहे, बहुतेक सगळं मजेसाठी. हे एकच भीतीपोटी. मी म्हणालो, "नाही."

"मंग सुई गेली," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं.

सुई बदलायला रफिकभाईंना बोलावलं. रफिकभाई आमच्या कारखान्याचे जुने मेकॅनिक, यंत्र कुठलंही असो, त्याच्याशी आधी गप्पा मारून मग ते उघडणारे. त्यांना वाटेत गाठून सगळं समजावायचं मी ठरवलं होतं, पण ते दुसऱ्या वाटेने आले. नवी सुई बसवली. तबकडी लावली. श्वास आला. मी राजय्याच्या पाठीमागून रफिकभाईंना डोळे वटारून खुणा करत होतो. रफिकभाई माझ्याकडे बघून, अगदी हळू, नुसत्या ओठांनी म्हणाले, "क्या कर रा रे तू? साफ तो आया."

आता हा वाक्प्रयोग कुणासमोर नुसत्या ओठांनी केला, ते वाचकांच्या ध्यानात आलंच असेल.

राजय्याने प्लेयरचं झाकण लावलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिला.

त्या दिवसापासून त्याचं भिणं सुरू झालं. कुकरच्या शिट्ट्या मोजायचा आणि अक्काला आकडा विचारून ताडून बघायचा. कानाशी घड्याळ धरायचा. नळ बंद केला तरी पुन्हा जाऊन हात लावून बघायचा. झोपेतून उठून अक्काला म्हणायचा, बोल काहीतरी, माज्याकडं पाठ करून बोल. दवाखान्याचं नाव काढलं की पायात चप्पल घालून बाहेर पडायचा.

मी एकदा धीर करून म्हटलं, "अरे, वय झालं. माणसाला चष्मा लागतो तसंच हे."

"तुला कळना दिगू," तो म्हणाला. "मला ऐकू न्हाय आलं तर माजं काय बिघडतंय? मी ओट वाचून शंभर वर्स जगीन. पर त्याचे ओट कुटं हायत? त्या तिसऱ्या गाण्यात त्याच्याजवळ कोण बी न्हाय. तो भ्यालेला, आन् तितं मी येकटा बसलेलो असतो. मी उटलो तर त्याचं कोण?"

मी माझ्या घरी आलो आणि उगीचच रेडिओ लावला.

शेवटी अक्काने त्याला नेलं. धाकाने नव्हे. ती एवढंच म्हणाली, "तू न्हाय आलास तर मी माजे कान दाखवते आन् तुजं नाव सांगते." कान तपासायच्या त्या ठिकाणी काचेची छोटी खोली होती. आत राजय्या, कानांवर मोठे डबे चढवलेले. बाहेर काचेला लागून यंत्र आणि यंत्रापाशी एक तरुण मुलगी. तिने सांगितलं, "काका, आवाज आला की बोट वर करायचं. बारीक आला तरी करायचं." अक्का आणि मी तिच्या मागे बाकावर. अक्काचे डोळे मिटलेले, ओठ विणकरांच्या देवाला, मार्कंडेयाला, साकडं घालत होते.

मुलीने बटण दाबलं. बोट वर. पुन्हा दाबलं. बोट वर. आवाज बारीक बारीक होत गेला असावा, कारण ती यंत्रावरचा काटा खाली खाली आणत होती, आणि राजय्याचं बोट न चुकता वर. ती मुलगी चकित झाली. अक्काने डोळे उघडले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आणि मग मला ते दिसलं. बटण दाबताना ती मुलगी दर वेळी खालचा ओठ किंचित दाताखाली धरत होती. काचेत तिचं प्रतिबिंब मला दिसत होतं. ओठ आत, बोट वर. ओठ आत, बोट वर.

तो फसवत होता असं कुणी समजू नका. राजय्याला फसवता येत नसे, ते खातं माझ्याकडे होतं. बाराव्या वर्षापासून ज्याने प्रत्येक आवाज डोळ्यांनी ऐकला, त्याला कान कुठे संपतात आणि डोळे कुठे सुरू होतात हे कुणी शिकवलंच नव्हतं. त्याला खरोखरच ऐकू येत होतं. फक्त कानांनी नव्हे.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मुलगी म्हणाली, "या वयात असे कान मी पाहिले नाहीत," आणि अक्का रडू लागली, आणि राजय्या काचेच्या खोलीतून बाहेर आला तो दहा वर्षांनी लहान होऊन. बोळात पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

गुरुवारी श्वास आला नाही. राजय्या मुळीच घाबरला नाही. कान चांगले असल्याचा कागद खिशात होता. म्हणजे तबकडीच झिजली आणि रफिकभाई आपल्या नव्या सुईची बाजू घेत होते, असा त्याने हिशेब केला, आणि ती आणखी झिजू नये म्हणून जुन्या चादरीत गुंडाळून फळीवर ठेवली. आणि दुसरंही एक झालं. आजवर रस्त्याने चालताना तो दर दहा पावलांना मागे वळून बघायचा. आता तो मागे बघेनासा झाला. कागद होता ना.

जेमतेम आठवडा गेला असेल. मी चौकात भाजी घेत होतो. राजय्या रस्ता ओलांडत होता, मजेत, हात मागे बांधून. मागून पाण्याचा टँकर आला. हॉर्न असा वाजत होता की भाजीवालीने कानावर हात ठेवले. राजय्या चालतच होता. मी ओरडलो. माझ्या घशातून काय निघालं ते मलाही ऐकू आलं नाही. टँकर कर्कश ब्रेक लावून त्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर शिव्या देत उतरला, तेव्हा समोरच्या लोकांचे चेहरे बघून राजय्या वळला. टँकर बघितला. मग मला बघितलं. माझ्या हातातली पिशवी केव्हाच खाली पडली होती आणि टोमॅटो त्याच्या पायापर्यंत गेले होते.

त्या संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो. अक्का पाठमोरी बसून विड्या वळत होती. मी त्याच्यासमोर बसलो आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी सगळं सांगितलं. त्या गुरुवारचं खोटं. काचेबाहेरची मुलगी. तिचा ओठ. तरुणपणी हौशी नाटकांत मी पुष्कळ भाषणं केली आहेत, इतकं लांब भाषण कधी केलं नाही.

त्याने शेवटपर्यंत वाचलं. मग त्याचे ओठ हलले. "म्हंजे मी बघत होतो?"

"होय."

"समदंच?"

"बहुतेक."

अक्का वळली नाही, पण तिचे हात थांबले होते. "आता मला कोण सांगणार हाय का," ती भिंतीकडे बघत म्हणाली, "का मी बी वाचायचं?"

दुसऱ्या वेळी आम्ही मुलीला आधीच सांगितलं. तिने त्याची खुर्ची भिंतीकडे वळवली. आत जाताना राजय्याने माझं मनगट धरलं. "पाठ करून कसं बसू दिगू?" तो म्हणाला. "जग मागं ऱ्हाईल की." तरी बसला.

मुलीने बटण दाबलं. बोट मांडीवर. आणखी मोठा आवाज. बोट मांडीवर. ती काटा वर नेत राहिली. मला त्याची फक्त मान दिसत होती, ताठ, कुणीतरी मागून येणार आहे हे ठाऊक असलेल्या माणसाची. कितीतरी वेळाने बोट वर गेलं, अर्धंच, पहिल्या दिवशी शाळेत हात वर करणाऱ्या पोरासारखं. अक्का माझ्या शेजारी बसून त्याच्या त्या बोटाबरोबर आपलं बोट वर करत होती. तिला कळतही नव्हतं.

डॉक्टरांनी आलेख दाखवला. बारीक, उंच आवाजांची बाजू पार कोसळलेली. "हे आत्ताचं नाही," ते म्हणाले. "हे मागावरचं आहे. तिशीच्या आतच गेलं असणार. हल्ली आणखी उतरलं, म्हणून लक्षात आलं." दोन्ही कानांना यंत्रं लागली. यंत्रं घालून तो पहिल्यांदा बाहेर पडला तेव्हा रिक्षाच्या आवाजाने भिंतीला चिकटला. स्वतःच्या चपलांना भ्याला. अक्काच्या बांगड्यांना भ्याला. आठ दिवस त्याने तबकडीला हात लावला नाही. "न्हाय आला तर?" एवढंच म्हणायचा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो भिवंडीला लेकीकडे राहायला गेला, अक्का आणि प्लेयर घेऊन, आणि पुन्हा भेट झाली नाही. फोनवर बोलणं त्याला कधी जमलंच नाही. म्हणून माझ्याजवळ शेवटचा राजय्या आहे तो जाण्याआधीच्या गुरुवारचा. रफिकभाई मुद्दाम आलेले. तबकडी चादरीतून काढली. अक्काने पंखासुद्धा बंद केला. वैशाखाची काहिली सरून आभाळ भरून आलेलं होतं, पण खोलीत आम्ही चौघं घामाने निथळत होतो.

दुसरं गाणं संपलं. खरखर. राजय्याने डोळे मिटले होते. ऐकताना त्याने डोळे मिटलेले मी आजवर पाहिले नव्हते.

श्वास आला. बोट वर गेलं.

रफिकभाईंनी "या अल्ला" म्हणून भिंतीला पाठ टेकली. माझे डोळे भरले आणि मी ते कुणाला दिसू नयेत म्हणून उगाच खोकलो. पण राजय्याचं बोट खाली येईना. गाणं सुरू झालं होतं, नदीच्या उतारावरचा माणूस नावं विचारू लागला होता, आणि राजय्याचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. त्या गाण्यात त्या माणसाच्या मागून एक बाई आहे. ती गात नाही. तो म्हणतो ते शब्द ती त्याच्यामागून हलकेच कुजबुजते, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. अगदी बारीक, वाऱ्यासारखी. आम्हा सगळ्यांना ती पहिल्या दिवसापासून ऐकू येत होती. आमटीत मीठ आहे हे जसं कुणी कुणाला सांगत नाही, तसं ते आम्ही त्याला कधी सांगितलं नव्हतं.

राजय्याने डोळे उघडले. अक्काकडे पाहिलं, रफिकभाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिघांचेही ओठ मिटलेले आहेत याची नीट खात्री करून घेतली. मग, तेहेतीस वर्षांत त्या तबकडीसमोर कधी बोलला नव्हता इतक्या मोठ्यांदा, बोळभर ऐकू जाईल असा तो म्हणाला,

"आन् ही बाई कवापासून हाय हितं?"